एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा आणि दम्याची भीती

वाचकाचं पत्र

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. गरोदरपणात माझं बीपी फार वाढलं, म्हणून 31 व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. जन्माचं वजन 1,450 ग्रॅम. सहा दिवस सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), मग बारा दिवस नाकातल्या नळीने ऑक्सिजन, एकूण पाच आठवडे तो एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. गेल्या वर्षभरात सर्दी झाली की छाती घरघरते, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. असं चार-पाच वेळा झालं. एका डॉक्टरांनी दमा म्हणून रोजचा पंप लिहून दिला. दुसरे म्हणाले, पाच वर्षांच्या आत दमा म्हणायचं नाही, मोठा झाला की जाईल. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते. नवऱ्याला लहानपणी दमा होता. ते अजून सिगारेट ओढतात, पण बाल्कनीत जाऊन. सिझेरियन झालं नसतं तर हे झालं नसतं, असं मला सारखं वाटतं. आता मला पुन्हा दिवस गेलेत, तेरावा आठवडा चालू आहे. या बाळालाही दमा होईल का?

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याला मुदत आहे.

गेल्या खेपेला बीपी वाढून 31 व्या आठवड्यात बाळंतपण करावं लागलं, हे या वेळच्या डॉक्टरांना तुम्ही स्पष्ट सांगितलंय ना? नसेल तर याच आठवड्यात सांगा आणि विचारा, 'मला कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का?' आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोक्याचा आजार, झालेल्या बाईला ही गोळी 12 व्या आठवड्यापासून, शक्यतो 16 वा पूर्ण व्हायच्या आत सुरू केली, तर फायदा सर्वात जास्त होतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तेव्हा 37 आठवड्यांच्या आत उद्भवणारा प्रीएक्लॅम्पसिया निम्म्याहून अधिक घटला. मात्रा देशोदेशी 75 ते 150 मिलिग्रॅमच्या दरम्यान ठरवतात. गोळी स्वतःहून घेऊ नका. वेदनाशामक गोळ्यांनी तुम्हाला कधी धाप लागली असेल, अंगावर पित्त उठलं असेल किंवा पोटात अल्सर झाला असेल, तर तेही आधी सांगा.

दम्याच्या प्रश्नाला बीपीच्या गोळीने सुरुवात का केली? जन्माशी जोडलेल्या ज्या गोष्टींवरून पुढे दम्याचा धोका ठरतो, त्यात सर्वात वजनदार गोष्ट आहे पोटात काढलेले आठवडे. दुसऱ्या बाळाला ते जास्त मिळावेत म्हणून करता येण्यासारखं जे आहे, त्याची वेळ आत्ता आहे.

आता मुलाकडे वळू. फुप्फुसांची बांधणी ठरलेल्या क्रमाने होते. श्वासनलिकांच्या फांद्या फुटण्याचं काम 16-17 व्या आठवड्यापर्यंत जवळपास पूर्ण होतं. पुढे त्या नळ्या लांब-रुंद होतात, पण नवीन फुटत नाहीत. साधारण 24 व्या आठवड्यापासून सर्फॅक्टंट तयार होऊ लागतं. वायुकोश, म्हणजे फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे, मिटून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लागणारा हा थर बहुतेक बाळांत 34-35 व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. खरे वायुकोश मोठ्या प्रमाणावर तयार होतात ते 36 व्या आठवड्यापासून, आणि हे काम जन्मानंतरही काही वर्षं चालू राहतं. मोठ्या माणसात त्यांची संख्या 30 ते 50 कोटींच्या घरात असते. तुमच्या मुलाची फुप्फुसं हवा घ्यायला लागली तेव्हा वायुकोशांच्या जागी अजून साध्या पिशव्याच होत्या. जे काम गर्भजलात व्हायचं, ते हवेत, ऑक्सिजनखाली आणि सीपॅपच्या दाबाखाली करावं लागलं. त्यामुळे वायुकोश थोडे कमी आणि मोठे राहतात. ते आजूबाजूच्या बारीक नळ्यांना ताणून उघड्या ठेवतात, तो ताणही कमी पडतो.

हा फरक सर्दीत कसा दिसतो ते हिशेबाने बघा. 8 मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली, तर हवेला होणारा अडथळा साधारण तिप्पट होतो. तेवढीच सूज 4 मिलिमीटरच्या नळीत आली, तर वाट 2 मिलिमीटरच उरते आणि अडथळा 16 पट होतो. घरातल्या सगळ्यांना एकच सर्दी होते, बाकीचे नाक शिंकरून मोकळे होतात आणि तुमच्या मुलाची छाती वाजते, त्यामागे बऱ्याच अंशी हेच गणित आहे. शिवाय तो मुलगा आहे. लहान वयात मुलग्यांच्या श्वासनलिका फुप्फुसांच्या मानाने मुलींपेक्षा अरुंद असतात. म्हणून शाळेच्या वयापर्यंत दमा मुलग्यांत जास्त दिसतो आणि वयात आल्यावर हे चित्र उलटतं.

आता धोका किती, ते आकड्यांत. 2014 साली 30 अभ्यास एकत्र करून, सुमारे 15 लाख मुलांच्या माहितीवरून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या मुलांपैकी 8.3 टक्क्यांना, तर 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांपैकी 13.7 टक्क्यांना दमा किंवा घरघरीचा त्रास होता. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत ही शक्यता पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळपास तिप्पट होती. तुमचा मुलगा याच गटातला. तिप्पट हा शब्द घाबरवतो, हे कळतं. पण 100 पैकी आठाची तिप्पट चोवीस होते, म्हणजे याच गटातल्या तीन-चतुर्थांश मुलांना असा त्रास होत नाही. त्याच आढाव्यातली दुसरी बाजूही बघा. लहान मुलांतल्या एकूण घरघरीच्या आजारांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच लवकर जन्माच्या खात्यावर जातात. दमा असलेली बहुसंख्य मुलं पूर्ण दिवस भरून जन्मलेली असतात.

वजनाबद्दल थोडक्यात. कमी वजन आणि दमा यांचं नातं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, पण आठवडे हिशेबात धरले की त्यातला मोठा भाग गळून पडतो. 31 व्या आठवड्यात 1,450 ग्रॅम हे तसंही त्या आठवड्याला शोभणारं वजन आहे. वजन किती वेगाने वाढलं, याला मात्र अर्थ आहे. युरोपातल्या सुमारे 1,47,000 मुलांच्या एकत्रित माहितीत, लवकर जन्म आणि बाळवयात झपाट्याने वाढलेलं वजन या दोन्हींशी शाळेच्या वयातल्या दम्याचा संबंध दिसला. यावरून कमी दिवसांच्या बाळाला कमी पाजायचं, असा अर्थ कोणी काढू नये. पहिल्या महिन्यांत मागे पडलेलं वजन भरून काढणं मेंदूच्या वाढीसाठी आवश्यक असतं. वाढीच्या तक्त्यावर बाळ आपल्या रेषेवर आलं की मात्र 'कमी दिवसांचं आहे, भर हवी' म्हणून आग्रहाने भरवणं थांबवायचं. तुमचा मुलगा आज तक्त्यावर कुठे आहे, ते पुढच्या भेटीत नक्की बघून घ्या.

आता सिझेरियन, ज्याने तुम्ही स्वतःला टोचून घेताय. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी जास्त आढळतं. 100 मुलांमागे 8 ऐवजी 9 ते 10, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही सिझेरियन ज्या कारणासाठी झालं, म्हणजे लवकर बाळंतपण, आईचं बीपी, आईचं जास्त वजन किंवा आईचा दमा, त्या कारणांचा वाटा वेगळा काढणं अवघड असतं. कळा न येता झालेल्या सिझेरियनमध्ये फुप्फुसांतलं पाणी शोषलं जायला वेळ लागतो, हे खरं. बाळाच्या आतड्यातले जंतूही सुरुवातीला वेगळे असतात. पण डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की सिझेरियनच्या ज्या बाळांचे आतड्यातले जंतू वर्षभरात इतरांसारखे झाले, त्यांच्यात दम्याचा वाढीव धोका दिसला नाही. जंतूंचा वेगळेपणा टिकून राहिला, त्यांच्यातच तो दिसला. वाढलेल्या बीपीत त्या दिवशी बाळाला पोटात ठेवणं तुमच्या दोघांच्या जिवावर बेतलं असतं. मुलाच्या छातीत आज जे वाजतंय त्याचा उगम 31 या आकड्यात आहे, आणि तो आकडा तुमच्या हातात नव्हता. 'सिझेरियन झालं नसतं तर' हा विचार तुमच्यावर अन्याय करणारा आहे, आणि वैद्यकीय दृष्ट्याही तो टिकत नाही.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, तरी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात 1980 साली सुरू झालेल्या अभ्यासात निरोगी नवजात मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. तीन वर्षांच्या आत सुमारे एक तृतीयांश मुलांची छाती एकदा तरी वाजली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचा त्रास सहा वर्षांपर्यंत थांबला. या थांबलेल्यांमध्ये एक वैशिष्ट्य होतं : जन्मानंतर लगेच, कोणतीही सर्दी होण्याआधीच, त्यांच्या श्वासनलिकांची क्षमता कमी मोजली गेली होती. दुसरे डॉक्टर 'जाईल' म्हणतात ते याच आधारावर.

पहिल्या डॉक्टरांचा आधार वेगळा. त्याच अभ्यासातून दम्याचा अंदाज बांधण्याचा एक निर्देशांक तयार झाला. वारंवार घरघर होणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एकाला दमा असेल, किंवा मुलाला इसब असेल, तर धोका जास्त. ही दोन्ही कारणं नसतील, तर पुढच्या तिन्हींपैकी दोन लागतात : ॲलर्जीची सर्दी, सर्दीशिवायही छाती वाजणं, आणि रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 4 टक्के किंवा अधिक. तुमच्या यजमानांना दमा होता, आणि वर्षात चार-पाच झटके झाले. म्हणजे तुमचा मुलगा या निर्देशांकात बसतो. निर्देशांकात न बसणाऱ्या मुलाला शाळेच्या वयात दमा नसण्याची शक्यता फार मोठी असते. बसणाऱ्याची शक्यता वाढते, पण पक्कं काहीच होत नाही. शिवाय हा निर्देशांक निरोगी जन्मलेल्या मुलांवर बेतलेला आहे, हे तुमच्या बाबतीत विसरायला नको.

कारण कमी दिवसांच्या मुलाचा 'दमा' बरेचदा नेहमीच्या दम्यासारखा नसतो. नेहमीच्या दम्यात ॲलर्जीची सूज असते, इओसिनोफिल वाढलेले असतात, आणि स्टेरॉइडच्या पंपाने ती सूज छान उतरते. कमी दिवसांच्या मुलांत अनेकदा ॲलर्जी सापडत नाही, नळ्या मुळातच अरुंद असतात आणि पंपाचा फायदा अर्धवट मिळतो. तिथे मात्रा वाढवत नेली तर फायदा तेवढाच राहतो, दुष्परिणाम तेवढे वाढतात. म्हणून 'दमा आहे की नाही' यावर दोन दवाखान्यांत वाद घालत बसण्यापेक्षा डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला.

पहिली, रक्तातल्या इओसिनोफिलची प्रत्यक्ष संख्या आणि ॲलर्जीची तपासणी. संख्या प्रति मायक्रोलिटर 300 किंवा अधिक असेल आणि हवेतल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी निघाली, तर रोजच्या कमी मात्रेच्या स्टेरॉइड पंपाचा चांगला उपयोग होईल असा अंदाज बांधता येतो. रक्त झटका नसताना, तोंडाने स्टेरॉइड चालू नसताना काढावं, कारण तोंडावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने इओसिनोफिल खाली जातात आणि अहवाल फसवा येतो.

दुसरी, पंप मुदत बांधून द्यायचा. दोन ते तीन महिने रोज, न चुकता, योग्य पद्धतीने. त्या काळात वहीत लिहा : रात्री खोकल्याने जाग आली का, धावताना-हसताना छाती वाजली का, तात्काळ आरामाचा पंप किती वेळा लागला. फरक दिसला तर पुढे चालू ठेवून लागेल तेवढी कमीत कमी मात्रा शोधायची. काहीच फरक नसेल, तर आधी पंप घेण्याची पद्धत तपासायची, आणि ती बरोबर असेल तर औषध थांबवून दुसरं कारण शोधायचं. वर्षानुवर्षं 'असू दे' म्हणून चालू ठेवलेला पंप आणि दोन आठवड्यांत 'बरा दिसतोय' म्हणून बंद केलेला पंप, दोन्ही चुकीचे.

तिसरी, पूर्वी कधी घेतला नसेल तर एकदा छातीचा एक्स-रे, आणि हृदयात छिद्र किंवा उघडी राहिलेली रक्तवाहिनी नाही ना, याची खात्री. एनआयसीयूच्या कागदांत हे बहुधा असतंच. ऑक्सिजन 28 दिवसांच्या आत सुटल्यामुळे बीपीडी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांचा जुनाट फुप्फुसविकार, ही नोंद तुमच्या मुलाच्या नावावर लागत नाही. ही खरोखर चांगली बाब आहे.

सासूबाईंची काळजी प्रेमापोटी आहे. त्यांना असं सांगा : पंपाची सवय लागत नाही. औषधाची गरज आजारामुळे असते, आजार हटला की पंपही सुटतो. स्टेरॉइडच्या पंपाने पहिल्या वर्षी उंची साधारण अर्ध्या सेंटीमीटरने कमी वाढू शकते, हा खरा दुष्परिणाम आहे, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजायची. रात्र-रात्र खोकून न झोपणाऱ्या, दर महिन्याला तोंडाने स्टेरॉइडचा कोर्स घेणाऱ्या मुलाचं नुकसान याहून कितीतरी जास्त. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दम्याची शक्यता जास्त असलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना दोन वर्षं रोज स्टेरॉइडचा पंप दिला. घेत होती तोवर त्रास कमी राहिला, पण थांबवल्यानंतर दमा होण्याचं प्रमाण बदललं नाही. पंप त्रास आटोक्यात ठेवतो, पुढचा दमा टाळत नाही. तो घेण्यामागे अपेक्षा तेवढीच ठेवा.

पद्धतीवर थोडा वेळ घालवू, कारण 'पंपाने फरक पडत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं. या वयात पंप थेट तोंडात देऊन उपयोग नाही, मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ डबी, हवा. पंप नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडा. प्रत्येक पफच्या आधी पंप जोरात हलवा. मुलाला ताठ बसवा. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट बसवा, गालाशी फट राहिली तर औषध त्या फटीतूनच जातं. एक पफ दाबा आणि मास्क न हलवता पाच-सहा संथ श्वास होऊ द्या. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला हलताना दिसली पाहिजे. दुसरा पफ लागणार असेल तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून द्या. दोन पफ एकदम दाबले की थेंब एकमेकांवर आदळून स्पेसरच्या भिंतीला चिकटतात. रडणाऱ्या मुलाला दिलेलं औषध फुप्फुसात फारच थोडं पोचतं, म्हणून झटका नसलेल्या दिवशी स्पेसर खेळायला द्या, बाहुलीला मास्क लावू द्या. स्टेरॉइडचा पफ झाल्यावर तोंड पुसा आणि पाणी प्यायला द्या, नाहीतर तोंडात बुरशी येते.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून बुडवा. आतून घासू नका, फडक्याने पुसू नका, उभा ठेवून आपोआप वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. पंप संपला का हे पाण्यात तरंगवून कळत नाही, त्यावरचा आकडा बघा किंवा वापरलेले पफ मोजा. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल ओठ घट्ट मिटून तोंडाने श्वास घेऊ शकलं, की मास्क काढून नळीवर यायचं.

झटक्यासाठी डॉक्टरांकडून लेखी आराखडा घ्या आणि घरात सगळ्यांना दिसेल असा लावा. या वयासाठी सर्वसाधारण प्रघात असा : 100 मायक्रोग्रॅमच्या साल्ब्युटामॉलचे, म्हणजे तात्काळ आरामाच्या पंपाचे, दोन पफ, एकावेळी एक, स्पेसरमधून. गरज लागली तर 20 मिनिटांच्या अंतराने आणखी दोनदा. पहिल्या दोन तासांत सहा पफांहून जास्त लागतंय असं दिसलं, तर घरी थांबायचं नाही. पुढीलपैकी काहीही दिसलं तर मोजत न बसता पफ देत देतच रुग्णालय गाठा : बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाणं, बोलायला किंवा पाणी प्यायला दम न पुरणं, ओठ निळसर दिसणं, मूल गळून जाणं, मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास, ऑक्सिमीटरवर 92 च्या खाली आकडा. आणि शिट्टी अचानक थांबली पण मूल थकलेलंच आहे, तर तो आराम नव्हे. हवाच आत जात नसल्याची ती खूण असते.

आता बाल्कनी. यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. धूर कपड्यांवर, केसांत आणि हातांवर बसून घरात येतो, दाराच्या फटीतून येतो, शेवटच्या झुरक्यानंतर काही मिनिटं श्वासातूनही बाहेर पडत राहतो. मुलाच्या अरुंद नळ्यांना हा रोजचा डोस आहे. पोटातल्या बाळापर्यंत तो तुमच्या श्वासातून पोचतो. निकोटिन वार ओलांडतं आणि श्वासनलिकांची वाढ खुंटवतं, आणि दुसऱ्याच्या धुरामुळेही बाळाचं वजन घटतं. जन्माशी जोडलेल्या बाकी गोष्टी आता बदलता येणार नाहीत, ही एक आजपासून बदलता येते. त्यांना स्वतःला लहानपणी दमा होता, म्हणजे त्यांच्या फुप्फुसांनाही हे परवडणारं नाही. निकोटिनचे पॅच, च्युइंगगम किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा आधार घेतला तर सिगारेट सुटण्याची शक्यता नुसत्या निश्चयापेक्षा बरीच वाढते. डास पळवणारी कॉइल आणि लाकडाचा-कचऱ्याचा धूर यांनाही घरात हाच नियम.

दुसऱ्या बाळासाठी आणखी काही. पोटात कॅल्शियम कमी जात असेल तर डॉक्टरांना विचारून त्याची भर घाला, प्रीएक्लॅम्पसिया टाळायला त्याचीही मदत होते. घरी बीपी मोजायचं यंत्र ठेवा. 140/90 किंवा वर आकडा, कडक डोकेदुखी, डोळ्यांपुढे चकाकी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. याही वेळी 34 आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं दिसलं, तर बाळाची फुप्फुसं तयार होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. बीटामेथासोन असेल तर 12 मिलिग्रॅमचे दोन डोस, 24 तासांच्या अंतराने. ती बाळाच्या जिवासाठी आहेत, दम्याच्या भीतीने त्यांना नाही म्हणू नका. सगळं सुरळीत असेल आणि सिझेरियनच ठरलं, तर सोयीची तारीख म्हणून 39 आठवड्यांच्या आधी घेऊ नका. पण बीपी वाढलं आणि डॉक्टर 37 व्या आठवड्यात बाळंतपण करू म्हणाले, तर ते ऐका.

पूरक गोळ्यांचे दावे जपून घ्या. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत 24 व्या आठवड्यापासून रोज 2.4 ग्रॅम माशाच्या तेलातली ओमेगा-3 दिल्यावर मुलांतली टिकून राहणारी घरघर आणि दमा 23.7 वरून 16.9 टक्क्यांवर आला. ज्या आयांच्या रक्तात हे घटक कमी होते, त्यांच्या मुलांना फायदा सर्वात जास्त झाला. ॲस्पिरिन चालू असताना हे घ्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात घेतलेल्या ड जीवनसत्त्वाचा फायदा मुलांच्या तिसऱ्या वर्षी दिसला, पण सहाव्या वर्षापर्यंत टिकला नाही. कमतरता असेल तर ती भरून काढा, दम्यासाठी म्हणून जास्त घेऊ नका.

आरएसव्ही या विषाणूकडे मात्र नीट लक्ष द्या. बाळाच्या बारीक श्वासनलिकांना सूज आणणाऱ्या आजाराचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण, आणि कमी दिवसांच्या बाळाला त्याचा फटका सर्वात जास्त बसतो. जिथे उपलब्ध आहे तिथे गरोदरपणी 32 ते 36 आठवड्यांत आईला लस देतात, किंवा जन्मानंतर बाळाला निर्सेव्हिमॅब नावाच्या तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन देतात. दोन्हींपैकी एक पुरतं. मुलाला आणि तुम्हाला फ्लूची लस घ्या. बाळाला अंगावर पाजा. थोरल्याला सर्दी असेल तर नवीन बाळाला हात लावण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

धाकट्याला दमा होईल का? वडिलांचा दमा त्याच्या वाट्याला थोडा धोका आणेलच. पण तो 38-39 आठवडे पोटात राहिला आणि घरात धूर नसला, तर थोरल्यापेक्षा त्याची सुरुवात बरीच मजबूत असेल.

थोरल्यासाठी एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांचा झाला की, त्रास असो वा नसो, त्याची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) करून घ्या, पंपाच्या आधी आणि नंतर. पंपानंतर एफईव्ही-1 (जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) 12 टक्के किंवा अधिक वाढला, तर नळ्या आखडतात आणि खुलतात, म्हणजे दम्याची बाजू बळकट. फारसा वाढला नाही आणि मुळातच कमी असला, तर ती कमी दिवसांच्या फुप्फुसांची ठेवण. या दुसऱ्या गटावर 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांना नुसत्या स्टेरॉइडपेक्षा स्टेरॉइड आणि दीर्घकाळ नळ्या खुल्या ठेवणारं औषध यांच्या एकत्रित पंपाचा जास्त फायदा झाला, म्हणून मोजमाप हातात असेल तरच औषध नेमकं निवडता येईल. पुढे फुप्फुसांची क्षमता विशीच्या सुमारास शिखर गाठून हळूहळू उतरते. ज्यांचं शिखरच ठेंगणं राहतं, त्यांना उतारवयात धाप लवकर लागते. म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा ही तपासणी पुन्हा करायची, आणि सिगारेटपासून त्याने आयुष्यभर लांब राहायचं.

एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड शोधून त्याच्या दोन प्रती काढा, मोबाइलमध्येही फोटो ठेवा. एका कागदावर वर लिहा : 31 आठवडे, 1,450 ग्रॅम, सीपॅप 6 दिवस, एकूण ऑक्सिजन 18 दिवस, सर्फॅक्टंट दिलं की नाही, बाळंतपणाआधी तुम्हाला स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली की नाही, वडिलांना दमा. त्याखाली प्रत्येक झटक्याची तारीख आणि काय दिलं ते. नव्या डॉक्टरांसमोर बसलात की बोलायच्या आधी हा कागद पुढे ठेवा. तो मोठा होऊन एकटा दवाखान्यात जाऊ लागला, की त्याच्या हाती द्या.